बत्तीस आऱ्यांचं चाक

काकांकडे सायकलचं चाक बांधून मागायला आलेल्या माणसाला ते आधी वजनकाट्यावर उभं करायचे. चहा, पाणी, नाव, गाव सगळं नंतर. काटा जुना, स्प्रिंगचा, दाराच्या आत पायपुसण्याला चिकटून ठेवलेला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बूट काढायला वाकलो, तर आतून आवाज आला, "बूट राहू दे. सायकल काय अनवाणी चालवतोस? आणि पाठीवरची बॅगही राहू दे." मी निमूटपणे काट्यावर चढलो. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वाकून आकडा वाचला, मग माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "ऑफिसात कॅन्टीन चांगलं दिसतंय."

मला तेव्हा पुण्याहून गुडगावला नोकरीसाठी येऊन वर्षभर झालं होतं आणि मी नुकतीच एक ग्रॅव्हल बाइक घेतली होती. म्हणजे डांबरी रस्त्यावर पळणारी आणि खडीच्या, मातीच्या कच्च्या वाटेवरही कुरकुर न करणारी सायकल. सायकल छान होती, पण कंपनीने दिलेली चाकं जड आणि मठ्ठ. ती बदलायची होती. कुठली घ्यावीत यावर मी तीन आठवडे इंटरनेटवर इतकं वाचलं होतं की डोक्याचा भुगा झाला होता. दिल्लीतल्या एका गणपतीत प्रसादाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी माझी ही रड ऐकली आणि म्हणाले, "मुनिरकाला जा. आमच्या ऑफिसातून रिटायर झालेले एक काका हाताने चाकं बांधतात. फक्त त्यांच्याशी वाद घालू नका."

मी अर्थात वाद घातला. मोबाइलवर कार्बनच्या चाकांचा फोटो दाखवला. काळीभोर, चकचकीत, उंच कडांची ती चाकं त्यांनी दोन बोटांनी मोठी करून नीट पाहिली.

"देखणी आहेत," ते म्हणाले. "चालवतोस कुठे?"

"मानेसरच्या पुढे, अरवलीच्या टेकड्यांत कच्च्या वाटा आहेत तिकडे."

"तिथे हे चाक दगडावर आपटलं तर?"

"मजबूत असतं काका, टेस्ट केलेलं असतं."

"असेल. पण अ‍ॅल्युमिनियमची रिम आपटली की वाकते, आवाज करते, लंगडते. माणूस उतरून बघतो. हे आतून तडकतं आणि वरून देखणंच राहतं. मला अशा वस्तूची भीती वाटते." आणि मोबाइल माझ्या हातात परत देत त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून आवाज दिला, "अगं, चहा टाक. राहतोय हा."

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत ते आणि काकू असे दोघंच राहायचे. मुलगी लग्न होऊन कोल्हापुरात. निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे गावी जातील. ते गेले मुनिरकाला, जिथे एकेका इमारतीत चाळीस चाळीस विद्यार्थी राहतात, डोक्यावर तारांचं जाळं आणि जिन्यात कायम कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. "तरुण पोरं आहेत, सायकली मोडतात," असं कारण त्यांनी काकूंना दिलं होतं. काकूंनी ते स्वीकारलं नव्हतं, पण सामान मात्र बांधलं.

कुठल्याशा मंत्रालयात ते ड्राफ्ट्समन होते. चाकं बांधायला शिकले त्याच्याही आधी, मिरजेला मामांच्या सायकल दुकानात. हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याला, ते तुंबा म्हणायचे, बैलगाडीच्या चाकाचा असतो तसा, आणि स्पोकला आरे. दिल्लीत वाढलेली मराठी मुलं त्यांच्याकडे यायची तेव्हा बिचारी 'यार काका, तुंबा मतलब?' असं विचारायची. मग काका कानाला हात लावून म्हणायचे, "चलो, बैठो, बताते हैं," आणि अर्धा तास कुणाची सुटका नसे.

सगळ्यात मोठा छंद म्हणजे फायली. प्रत्येक चाकाची एक फाइल. सरकारी असतो तसला हिरवट कागद, डाव्या कोपऱ्यात भोक, त्यातून पांढरी दोरी. वर लफ्फेदार अक्षरात, 'विषय : श्री. अमुक यांचेसाठी सायकलच्या चाकांची जोडी बांधणेबाबत.' खाली परिच्छेद एक, दोन, तीन. मी हसलो तेव्हा म्हणाले, "पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या भाषेत नोटिंग केलं. आता आपल्या भाषेत करतो, त्यात हसण्यासारखं काय आहे?"

माझ्या फाइलसाठी त्यांनी मला जे प्रश्न विचारले तसले मला सांगून आलेल्या स्थळांनीही विचारले नव्हते. बॅगेत काय काय असतं? ब्रेक आधीपासून दाबतोस की शेवटच्या क्षणी? चढावर बसून राहतोस की उभा राहतोस? रागावलास की जोरात चालवतोस का? आणि सगळ्यात शेवटी, पेन थांबवून, "घरी वाट बघणारं कोण आहे?"

"इथे कुणी नाही. एकटाच राहतो."

त्यांनी लिहिलं, 'आरे बत्तीस.'

"काका, माझ्या वजनाला अठ्ठावीस पुरतात असं सगळीकडे लिहिलंय."

"पुरतात. पण ज्याची कुणी वाट बघत नाही तो परतायच्या वेळी आणखी पुढे जातो. त्याला चार जास्त लागतात." काकू चहा घेऊन येत होत्या, त्या म्हणाल्या, "लग्न कर बाबा, चार आरे वाचतील."

एवढ्यावर भागलं नाही. मी सायकल चालवतो ती वाट स्वतः बघितल्याशिवाय चाक ठरवणार नाही म्हणाले. मोठं चाक घेऊन बारीक टायर लावायचा की जरा लहान चाक घेऊन जाड टायर, हे खडी बघून ठरतं, घरात बसून नव्हे. एका शनिवारी सकाळी आम्ही मेट्रो, मग बस, मग शेअर ऑटो असं करत मानेसरच्या पुढे गेलो. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, डोक्याला मफलर गुंडाळून, ते त्या कच्च्या वाटेवर तासभर चालले. दर पन्नास पावलांवर वाकायचे आणि एक दगड उचलून रुमालात टाकायचे. शेताच्या कुंपणापाशी बसलेला एक चौकीदार बराच वेळ हे बघत होता. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "अंकल, क्या ढूँढ रहे हो?"

"इसके पहिये," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले आणि पुढे चालू लागले. चौकीदाराने माझ्याकडे फार करुणेने पाहिलं.

ते दगड नंतर प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या फाइलला जोडले गेले. 'नमुना, मानेसरपलीकडील वाट.' मोठं चाक आणि मध्यम टायर असा निर्णय झाला.

चाक बांधताना ते बोलायचे नाहीत. खिडकीशी एक जुना फोर्क उलटा ठोकून केलेला स्टँड होता. त्यात चाक फिरायचं आणि ते चष्म्याच्या वरच्या काठातून रिमकडे बघत आऱ्यांच्या टोकाचे निपल पाव पाव फेरा पिळायचे. आमच्याकडे सायकलवाले याला आउट काढणं म्हणतात. पण आउट काढणं हे अर्धं काम, असं ते सांगायचे. चाक सरळ फिरतंय हे डोळ्यांना दिसतं. सगळे आरे सारखे ताणलेत का, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी ते डोळे मिटून, शेजारशेजारचे दोन आरे चिमटीत धरून हलकेच दाबत, असं पूर्ण चाकभर. कुठे बोट जास्त आत गेलं की तिथे थांबायचे. ताण मोजायचं एक मीटर मुलीने वाढदिवसाला पाठवलं होतं. ते कपाटावर, खोक्यातून बाहेरही न काढता पडून होतं. "तिच्या प्रेमाखातर ठेवलंय," ते म्हणायचे, "मला बोटं आहेत."

आणि चाक दिल्यावर शंभरेक किलोमीटर चालवून परत यायचं, हा नियम. आल्यावर विचारायचे, "काय म्हणतंय?" 'मस्त' म्हटलेलं खपायचं नाही. "मस्त म्हणजे काय? आंबा आहे का? उतारावर काय झालं ते सांग. डावीकडे वळताना कसं वाटलं ते सांग." मग आपण जे सांगू ते आपल्याच हाताने फाइलीत लिहायचं, खाली सही, तारीख. "बांधणाऱ्याला त्याचं चाक कधीच कळत नाही," ते म्हणायचे. "चालवणाऱ्याने सांगितलं तरच." पहिल्या वेळी मी पानभर लिहिलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि खाली 'पाहिले' असं लिहून आपली सही केली.

दोन वर्षं त्या चाकांनी एक शब्द काढला नाही. मी त्यांच्यावरून पावसातून गेलो, धुक्यातून गेलो, एकदा नीलगाय आडवी आली तेव्हा तिच्यासकट वाचलो. या दोन वर्षांत मी दर रविवारी मुनिरकाला जाऊ लागलो होतो. चाकांचं निमित्तही उरलं नव्हतं. काकू पोहे करायच्या, काका कुणाचं तरी चाक मांडीवर घेऊन बसलेले असायचे, आणि मला माझ्या फ्लॅटपेक्षा ते घर आपलं वाटायचं.

मग एका खड्ड्यात माझ्या मागच्या चाकाची रिम चेपली. काकांनी नवी रिम घालून, नवे आरे लावून चाक पुन्हा बांधून दिलं. तेव्हाची एक गोष्ट मला आठवते. चहा ते स्टीलच्या पेल्यातून प्यायचे आणि पेला नेहमी रुमालात धरायचे. त्या दिवशी तो रुमालाशिवाय, उघड्या हातानेच धरला होता. काकूंनी धावत येऊन पेला काढून घेतला आणि त्यांचा हात उलटा करून बघितला. बोटं लाल झाली होती. "अहो, एवढा कढत!" काकू म्हणाल्या. "असू दे, असू दे," म्हणून त्यांनी हात सोडवून घेतला. मी पोहे खात होतो. मला काही कळलं नाही.

ऑगस्टमध्ये, मानेसरच्या अलीकडे, त्या चाकाचा एक आरा तुटला. कारखान्याची पाळी सुटली होती, एका कंपनीच्या बसवाल्याने सायकल बसच्या मागच्या भागात घालून मला गुडगावपर्यंत आणलं. मी गुडगावातच आरा बदलून घेतला. आठ दिवसांनी दुसरा तुटला, त्याच बाजूचा. मी काकांकडे न जाता करोल बागेत एका सायकलच्या मेकॅनिककडे का गेलो, हे तेव्हा मी स्वतःला नीट सांगितलं नव्हतं. त्याने चाक फिरवून पाहिलं.

"चक्का तो एकदम सीधा है, फर्स्ट क्लास," तो म्हणाला. मग मीटर काढून त्याने एकेक आरा मोजला आणि मान हलवू लागला. "आधे कसे हुए हैं, आधे ढीले। किसने बाँधा?"

"एक बुज़ुर्ग हैं।"

"आँख ठीक है उनकी। उँगलियाँ गईं।" तो माझ्याकडे न बघता आरे सोडवायला लागला. "बोल देना उनको। प्यार से बोलना, पर बोल देना।"

संध्याकाळपर्यंत त्याने सगळं चाक सोडून नव्याने बांधलं.

पुढच्या रविवारी मी सांगायचं ठरवूनच मुनिरकाला गेलो. वाक्यं मेट्रोत जुळवली होती. जिन्यात दुधाच्या पिशव्या घेऊन काकू वर चढत होत्या. माझा चेहरा बघून त्या दुसऱ्या मजल्यावरच थांबल्या.

"तुझंही तुटलं का?"

म्हणजे तुटलेलं चाक माझं एकट्याचं नव्हतं. मी मान हलवली.

"सांगू नकोस रे त्यांना," काकू म्हणाल्या. आवाज अगदी खाली आणून. "साखरेने बोटांची जाणीव चाललीय, डॉक्टरांनी मला सांगितलंय. ते मानत नाहीत. आणखी दोघांचंही तुटलं, मी त्यांना हात जोडलेत. हे एवढं काम गेलं ना, तर तो माणूस दिवसभर भिंतीकडे बघत बसेल. बघवायचं नाही मला."

"पण काकू, कुणाला लागलं तर?"

"नवीन काम घेतच नाहीयेत ते हल्ली. काही ना काही कारण काढून परत पाठवतात. जुनी आहेत तेवढीच. तू फक्त बरं आहे म्हण."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. सांगायचं अवघड काम माझ्या गळ्यातून कुणीतरी काढून घेतलं होतं, तेही दयेच्या नावाखाली.

वर गेलो तर फाइल काढून तयार. माझ्यासमोर ठेवून काका म्हणाले, "बोल, नवीन चाक काय म्हणतंय?"

मी पेन घेतलं आणि लिहिलं, 'चाकाबाबत तक्रार नाही.' सही केली. तारीख घातली. एरवी एवढ्याशा नोटिंगवर त्यांनी मला सोलून काढलं असतं. त्या दिवशी त्यांनी ती ओळ बराच वेळ वाचली.

"नक्की?" ते म्हणाले.

"नक्की, काका."

"नाही, मला जरा शंका होती." त्यांनी उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर घासून पाहिली, जसं आपण कापड बघतो. "हल्ली कधीकधी वाटतं, कळत नाहीये नीट. म्हणून नवीन कुणाला हो म्हणत नव्हतो. म्हटलं, तुझ्या चाकाचं काय होतंय ते आधी बघू. तू मला खोटं सांगणार नाहीस."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. अजूनही वेळ होती. पान उलटून खाली दुसरी ओळ लिहायला कितीसा वेळ लागतो? मी पोह्यांवर लिंबू पिळलं.

त्यांच्या खालच्या मजल्यावर अकोल्याची एक मुलगी राहायची. जवळच्याच विद्यापीठात संशोधन करत होती, आणि सायकलीचं वेड असं की शिष्यवृत्तीतले पैसे साठवून तिने माझ्यासारखीच ग्रॅव्हल बाइक घेतली होती. दिवाळीनंतर ती एकटी पहाडात जाणार होती. चाकांसाठी ती कधीपासून काकांच्या मागे लागली होती आणि ते टाळत होते. ऑक्टोबरमध्ये त्यांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं. मला फोन करून सांगितलं, "घेतलं रे त्या पोरीचं काम. मागचं चालेल, पुढचं बांधायचंय. तिचेही बत्तीस करतो. आई वाट बघते तिची अकोल्याला, पण ती ऐकणाऱ्यातली नाही." आवाजात इतका उत्साह होता की मीही हसलो. त्या रात्री सांगून टाकावं असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. मी स्वतःला म्हटलं, पुढचं चाक आहे, पुढच्यावर भार कमी असतो. मी एवढं वाचलेला माणूस, मला माहीत होतं की ब्रेकचा सगळा ताण पुढच्याच चाकावर येतो.

पहाडापर्यंत ती गेलीच नाही. आदल्या आठवड्यात सरावाला निघाली असताना एका फ्लायओव्हरच्या उतारावर तिने ब्रेक दाबला आणि पुढचं चाक दुमडलं. खालचा जबडा आणि उजवं मनगट मोडलं. डोकं हेल्मेटमुळे वाचलं.

इस्पितळात मी पोचलो तेव्हा काका बाहेरच्या बाकावर बसले होते, मांडीवर ते चाक. आठाच्या आकड्यासारखं वळलेलं. वॉर्डातून नर्सने येऊन सांगितलं, आता भेटता येईल, तेव्हा ते चाक घेऊनच आत गेले. तिला बोलता येत नव्हतं. तिच्या पलंगाशी उभं राहून ते म्हणाले, "बाळ, चूक रस्त्याची नाही, तुझी नाही. बांधणाऱ्याची आहे. कशी झाली ते मी शोधून काढतो." तिने डाव्या हाताने त्यांचा शर्ट धरला. मी दाराशीच थांबलो.

तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. "सायकल घेऊन ये. मागचं चाक बघायचंय."

मी गेलो. खोलीत कपाटावरचं ते मीटर खोक्यातून बाहेर निघालं होतं. तिच्या मोडक्या चाकाचा एकेक आरा मोजून त्यांनी आकडे लिहून ठेवले होते. माझं चाक त्यांनी स्टँडवर चढवलं, पण मीटर लावायची वेळच आली नाही.

"हे निपल माझे नाहीत," ते म्हणाले.

मी कपाटाकडे बघू लागलो.

"कुणी बांधलं?"

"करोल बागेत."

"कधी?"

"ऑगस्टच्या शेवटी. दोन आरे तुटले होते काका."

त्यांनी माझी फाइल उघडली. मग तिची. दोन्ही शेजारी शेजारी मांडल्या आणि माझ्या ओळीवर बोट ठेवलं. बोटाला कागद लागत होता की नाही कुणास ठाऊक. "तू हे लिहिलंस सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी. तेव्हा तुझं चाक सोडून परत बांधून झालेलं होतं. तिचं काम मी ऑक्टोबरात घेतलं. ते या एका ओळीवर घेतलं."

"अहो," काकू मधे पडल्या, त्या रडत होत्या, "त्याला काही म्हणू नका. मीच सांगितलं त्याला. हात जोडून सांगितलं."

"तू माझी बायको आहेस. तू सांगणारच," ते शांतपणे म्हणाले. "पण चाक हा चालवत होता."

मी माफी मागितली. किती वेळा मागितली ते आठवत नाही. त्यांनी फाइलीत काहीतरी लिहिलं, दोरी बांधली आणि मला म्हणाले, "चहा घेऊन जा." तो चहा मी कसा प्यायलो ते माझं मला माहीत.

त्यानंतरच्या महिन्यात त्यांनी फायलींतल्या प्रत्येकाला फोन केले. मराठी, हिंदी, जो ज्या भाषेतला त्याला त्या भाषेत. गेल्या वर्षभरात बांधलेली सगळी चाकं परत मागवली. जी आली ती सोडून, आरे वेगळे, रिमा वेगळ्या, तुंबे वेगळे करून ज्याचे त्याला दिले आणि करोल बागेतल्या त्या मेकॅनिकचा पत्ता दिला. पत्ता माझ्याकडूनच घेतला होता. त्या मेकॅनिककडे स्वतः जाऊन आले. तो पुढे मला म्हणाला, "बहुत बड़े कारीगर हैं। मेरे हाथ देख रहे थे, एक घंटा बैठे।"

अकोल्याची मुलगी बरी झाली. मनगट पूर्ण वळत नाही, पण सायकल चालवते. ती काकांवर कधीच रागावली नाही. माझ्याशीही ती आजपर्यंत नीट बोलते, आणि त्यानेच मला जास्त मेल्यासारखं होतं. काकूंना वाटत होती ती भीतीही खरी ठरली. काका खिडकीशी बसायचे, समोर रिकामा स्टँड. स्टँड काढू का, असं काकूंनी विचारलं तर म्हणाले, "कशाला? मला बघू दे."

फेब्रुवारीत मुलगी येऊन दोघांना कोल्हापूरला घेऊन गेली. निजामुद्दीन स्टेशनवर सामान चढवायला मी होतो. मधल्या काळात दर रविवारी मी जातच होतो. काका माझ्याशी बोलायचे, पोहे पुढे करायचे, ऑफिसची चौकशी करायचे. सायकलचा विषय निघायचा नाही. गाडी सुटायला पाचेक मिनिटं असताना मी खिडकीशी उभा राहून विचारलं, "काका, राग आहे का माझ्यावर?"

हे विचारताना माझ्या मनात उत्तर तयार होतं. आपल्याकडे अशा वेळी माणसं म्हणतात, छे रे, राग कसला, वेडा की काय. एवढं ऐकून मला सुटायचं होतं.

"आहे," ते म्हणाले.

मग माझ्याकडे बघून, समजावल्यासारखं, "जाईल बहुतेक. गेला की मीच फोन करीन. तू मात्र करू नकोस. तू केलास आणि परत हेच विचारलंस, तर तुला बरं वाटावं म्हणून मी नाही म्हणेन, आणि मग तुझ्यात नि माझ्यात काय फरक?"

गाडी हलली. काकू हात हलवत राहिल्या.

मी फोन केला नाही. मार्च गेला, एप्रिल, मे गेला. कोल्हापूरचा कुठलाही नंबर आला की मी हातातलं काम टाकून फोन उचलायचो आणि तो कुठल्यातरी बँकेचा निघायचा. जुलैमध्ये एका दुपारी, ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना, काकूंचं नाव स्क्रीनवर आलं. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये धावलो.

काका पहाटे झोपेतच गेले होते. काकू एवढ्याशा आवाजात सगळं नीट सांगत होत्या. आदल्या दिवशी काय जेवले, डॉक्टर काय म्हणाले, रात्री झोपताना नातवाने कसं पाणी दिलं. मग त्या म्हणाल्या, "आणि ऐक, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यावरचा राग कधीच गेला होता रे त्यांचा. परवाच म्हणत होते, त्या पोराला एकदा फोन लावून दे."

'खरंच म्हणाले, काकू?' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. त्या नक्की 'हो' म्हणाल्या असत्या. आणि जिन्यात, दुधाच्या पिशव्या हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईला मी इतका ओळखतो, की त्यांच्या 'हो'चं काय करावं हे मला कळलं नसतं. म्हणून मी विचारलं नाही. कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून मी रडलो, आणि काकू पलीकडून म्हणत राहिल्या, "खरंच गेला होता रे राग, खरंच गेला होता."